मैनीचे आठ चेहरे

४ जुलै १९७८, मंगळवार

खाप्याची इं. ना. गजभिये ही शाळकरी मुलगी नाही, चाळिशीतली बाई आहे. आमचे खाप्याचे वार्ताहर ढोबळे गुरुजी यांच्याकडून आज पक्कं कळलं. बातमीच्या पाकिटात चिठ्ठी: "बाई आहे. नवरा विणकर. लुगड्याच्या किनारीचे नमुने कागदावर हीच काढून देते." एवढंच. मीही एवढंच विचारलं होतं.

म्हणजे दोन महिने मी एका संसारी बाईला 'चि. इंदू, अनेक आशीर्वाद' अशी कार्डं धाडतो आहे. वांढरेला, आमच्या ऑफिसातल्या चित्रकाराला, सांगितलं तर हसता हसता त्याच्या हातातला ब्रश टेबलावर टेकला.

रविवारच्या बालविभागात 'तुमची चौकट' हे वाचकांच्या चित्रकथांचं सदर सुरू केलं तेव्हा वाटलं होतं, पोरंच पाठवतील. पाठवतात मोठी माणसंच जास्त. हिंगण्याच्या कारखान्यातले एक गृहस्थ कंपनीच्या बसमध्ये बसून अंतराळवीर काढतात. रेषा हलते. कळवलं, बसमध्ये काढू नका. उत्तर आलं, घरी पाच जण आणि एक टेबल, कुठे काढू ते सांगा.

मी प्रत्येकाला कार्ड लिहितो. तीनच ओळी. जमलेलं, फसलेलं, पुढच्या वेळी करायचं.

इंदूबाईंचं जमलेलं पुष्कळ. किनारीच्या नमुन्याचा फिकट निळ्या घरांचा कागद, त्यावर आठ चौकटी. मैनी नावाची पाच-सहा वर्षांची भांडकुदळ पोरगी आणि तिची बकरी. या खेपेला एस.टी.चा कंडक्टर बकरीचं अर्धं तिकीट मागतो. मैनी: "बकरी उभी राहीन. तिले सीट नाही पायजे." मी एकटाच हसलो.

फसलेलं दर वेळी एकच. मैनीचा चेहरा. पहिल्या चौकटीत गोल, तिसरीत लांबट, नाक कधी बसकं कधी धारदार. वां. म्हणतो, "आठ चौकटी, आठ पोट्ट्या. आठ बहिणी म्हणा अन् सोडा."

८ जुलै, शनिवार

इंदूबाईंना 'श्रीमती' घालून कार्ड लिहिलं होतं, चुकीबद्दल क्षमाही मागितली होती. त्यांचं उत्तर आलं. अक्षर गोल, सातवीपर्यंतच्या शाळेचं. "चि. लिहिले ते तसेच राहू द्यावे. माहेरचे कोणी उरले नाही, चि. म्हणणारे तुम्हीच. चेहरा एक राहत नाही हे खरे आहे. मी रोज प्रयत्न करते."

रोज. आमच्याकडे पाठवणारे बहुतेक रविवारी सकाळी काढतात.

पुन्हा 'चि.' लिहिलं.

१९ जुलै, बुधवार

दुपारी इंदूबाई आणि त्यांचे यजमान नामदेवराव ऑफिसात. सूत न्यायला नागपुरात आले होते. बाई ठेंगणी, शांत, हाताच्या बोटांना शाई. खुर्ची दिली तरी कडेला बसल्या.

वां.ने मन लावून शिकवलं. एका मोठ्या कागदावर एका चेहऱ्याचा तक्ता करायचा. समोरून, बाजूने, हसताना, रडताना, रागात. भिंतीला लावायचा, प्रत्येक चौकटीआधी पाहायचा. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "रडताना नाही काढत जी मी तिले."

मी म्हटलं, एखादी पोर समोर बसवा, शेजारची. त्या म्हणाल्या, शेजारची चालत नाही.

नामदेवराव मध्येच: "मी म्हणतो, नाक माह्यासारखं काढत जाय. ऐकतच नाही." आम्ही दोघं हसलो. ते हसले नाहीत, हे आत्ता लिहिताना आठवतं.

गेल्यावर वां. म्हणाला, बाई हट्टी आहे पण शिकेल.

१२ ऑगस्ट, शनिवार

खाप्याहून तक्ता आला. चार चेहरे, रडतानाचा नाही. चार निराळ्या मुली. कार्ड लिहिलं: "आधी नाक ठरवा. नाक ठरलं की बाकीचा चेहरा त्याच्यामागून येतो." वाक्य बरं साधलं म्हणून वां.ला वाचून दाखवलं.

२३ ऑगस्ट

दात. सुट्टी. हिंगणेकरांचे अंतराळवीर तपासले. सहा बोटं. कळवलं.

३० ऑगस्ट, बुधवार

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याच्या, अंकासाठी इंदूबाईंचा कागद, गुरुजींच्या बातम्यांबरोबर एस.टी.च्या पार्सलने. आजवरचं सगळ्यांत चांगलं काम. बाकी पोरं लाकडी नंदी घेऊन आलीत, मैनी बकरी सजवून आणते, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. पाटील म्हणतात, हा बैल नाही. मैनी म्हणते, "तुमचे तं लाकडाचे आहे. माही गवत तरी खाते."

सोबत चिठ्ठी: "या खेपेला नीट पाहावे ही विनंती. जमले असे वाटते."

नीट पाहिलं. जमलेलं नाही. चेहरे आठच्या आठ वेगळे.

३१ ऑगस्ट, गुरुवार

पान चार वाजता छपाईला जातं. बाईंचा कागद परत धाडून नवा मागवायला वेळ नाही, आणि गाळायला जीव होत नाही. वां.ला म्हटलं, पाचव्या चौकटीतला चेहरा मोठा आहे, स्वच्छ आहे. तोच धर आणि बाकीचे सात त्याबरहुकूम कर.

वां. म्हणाला, बाईले विचारा एकदा. म्हटलं, कसं विचारणार, खाप्याला काय फोन आहे त्यांच्या घरी? छापून आलेलं पाहिलं की त्यांना आपोआप कळेल, काय म्हणत होतो ते.

त्याने पांढऱ्या रंगाने सात चेहरे बुजवले. वाळल्यावर काळ्या शाईने पुन्हा काढले. तास-सव्वा तास. हात फार सफाईचा. साडेतीनला कागद छपाईचा ब्लॉक करायला गेला. निळ्या रेघा छपाईत उतरत नाहीत, त्यामुळे ती कटकट नव्हती.

३ सप्टेंबर, रविवार. तान्हा पोळा

अंक छान दिसतो. संपादकांनी खाली उतरून सांगितलं. सौ.ने चहा घेता घेता वाचलं, मोठ्याने हसली. "आता कुठे ही एक पोरगी वाटली," म्हणाली.

इंदूबाईंना कार्ड. जमलेलं: सगळं. फसलेलं: काही नाही. करायचं: असंच चालू द्या. असं कार्ड आजवर कुणाला लिहिलं नव्हतं.

१३ सप्टेंबर, बुधवार

खाप्याहून: "अंक मिळाला. आभारी आहे. इं. ना. गजभिये." बस. नवा कागद नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

दोन रविवार मैनी नाही. वाचकांची विचारणा. प्रतापनगरात आमच्या गल्लीतल्या दोन मुली दारात येऊन विचारून गेल्या, बकरी मेली का म्हणून. बाईंना दुसरं कार्ड टाकलं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

ढोबळे गुरुजी स्वतः ऑफिसात आले, शाळेच्या कामासाठी नागपुरात होते. विचारलं, इंदूबाई बऱ्या आहेत ना? म्हणाले, बऱ्या आहेत, चित्रं काढणं बंद केलं. काय झालं विचारलं तर चष्मा काढून पुसायला लागले.

"मैनी म्हणजे तिची पोट्टी न जी. एकुलती एक. बारा वर्षं झाली तिले जाऊन. डोक्यात ताप गेला होता."

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं?

"तुमी बाई का पोट्टी तेवढं विचारलं. मी बाई म्हणून कळवलं. अन् मले वाटलं, तुमाले माहीत असन. म्हणून तं एवढ्या मायेनं छापता."

फोटो नाही. सावनेरला स्टुडिओत नेऊ, या दिवाळीला नेऊ, पुढच्या दिवाळीला नेऊ, असं चाललं आणि राहूनच गेलं. बाई बारा वर्षं आठवून आठवून काढताहेत.

गुरुजी चहा न घेता गेले. मी बत्तीस वर्षं बातमीत काढली. वार्ताहराला दोन प्रश्न विचारून थांबणाऱ्या पोरांना मीच रागावतो. या बाईबद्दल मी एक प्रश्न विचारला आणि तो माझ्या 'चि.'चा होता.

कार्डांची आठवण काढत बसलो. 'चेहरा एक ठेवा' चार वेळा. 'आधी नाक ठरवा.' 'शेजारची मुलगी समोर बसवा' हे तर तोंडावर.

संध्याकाळी सौ.ला सांगितलं. भाजी निवडत होती, हात थांबला. मग म्हणाली, "तुम्ही जाऊन या. कार्ड लिहू नका."

१ ऑक्टोबर, रविवार

खापा. सकाळच्या गाडीने गेलो, आत्ताच परतलो. सगळं आजच लिहून ठेवतो.

घर म्हणजे एक खोली, तीतली अर्धी मागाने व्यापलेली. मागासमोरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या बरोबर समोर, आमच्या अंकाचं पान लेहीने चिकटवलेलं. कडा नीट कापलेल्या.

नामदेवरावांना फार आनंद झाला. मला धरून भिंतीपाशी नेलं. "पाहा साहेब. आली का नाही पोट्टी? नाक माहंच आहे. मी म्हणत होतो, ही ऐकत नव्हती. तुमी बरोबर ओळखलं." ते नाक वांढरेचं आहे. पाचव्या चौकटीतल्या रेषेवरून त्याने थोडं नीटस केलं होतं. मी मान हलवली.

ते दूध आणायला गेले, तेव्हा मी बाईंना म्हटलं, मला माहीत नव्हतं. म्हणाल्या, गुरुजींनी सांगितलं. मी क्षमा मागितली. तर म्हणाल्या, "तुमी तं शिकवत होते. चेहरा एकच पायजे, हे खरंच आहे न."

मग स्वतःच बोलायला लागल्या. नजर चुलीकडे. त्यांचे शब्द होते तसे लिहितो.

"मी रोज काढून राहिली बारा वर्षं. आधी पाटीवर काढत होती, पुसत होती. पुरी कधीच नाही आली ते. कधी डोळे येत, कधी हनुवटी. आठ खेपा काढलं का कोठंतरी थोडीशी सापडे. म्हणून आठ."

चुलीत एक काटकी सारली.

"पोळ्याच्या कागदावर सहाव्या चौकटीत पुरी आली होती. पाटलाशी भांडते ते. तशीच पाहत होती ते, मान अशी करून. म्हणून तं पाठवला तुमच्याकडे. वाटलं, साहेबाले दिसन."

'नीट पाहावे ही विनंती.' मी पाहिलं होतं. आठ वेगळे चेहरे मोजले होते. त्यांतला एक त्यांना सापडलेला असेल, हे मनात आलं नाही.

विचारलं, आता काढत का नाही?

"आता डोळे मिटले का भिंतीवरची येते. चांगली आहे पोट्टी. माही नाही."

म्हटलं, मग पान काढून टाका भिंतीवरचं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्यायले वाटते, तेच आहे. मागावर बसल्या बसल्या हसते तो माणूस, बारा वर्षांनी. कशी काढू?"

बाहेर नामदेवरावांची चप्पल वाजली. बाईंनी खालच्या आवाजात घाईने विचारलं, माझा कागद आहे का तुमच्यापाशी? म्हटलं, आहे, वांढरेच्या ड्रॉवरमध्ये. सहावीवर रंग दिला आहे, खाली रेषा असतील, निघतील की नाही सांगता येत नाही. म्हणाल्या, "बाकीच्या खराब झाल्या तं होऊ द्या. सहावीले मी आल्याशिवाय हात नका लावू."

दसऱ्याला गावची मंडळी दीक्षाभूमीवर येतातच. त्या दिवशी येते म्हणाल्या.

नामदेवराव दूध घेऊन आले. त्या चहाच्या मागे लागल्या. आम्ही पुरुष बकरीबद्दल बोललो. बकरी खरी होती, मैनी गेल्यावर विकली. गिऱ्हाईक तिला घेऊन चाललं तर नामदेवराव गावाच्या वेशीपर्यंत मागे गेले होते.

३ ऑक्टोबर, मंगळवार

वां.ला सांगितलं. ऐकून घेतलं, मग उठून बाहेर गेला. परत आला तो सरळ ड्रॉवरपाशी. कागद खिडकीच्या काचेला धरला. उजेडात खालच्या रेषा दिसतात, वरच्याही दिसतात. दोन चेहरे एकमेकांत गेलेले, एकही लागत नाही.

"ते खालची शाई दौतीतली आहे साहेब, शाळेची. पाणी लागलं का गेली. माही वरची पक्की. उलटं असतं तं बोळ्यानं धुऊन दिलं असतं."

मग म्हणाला, "मी म्हटलं होतं, विचारा." पुन्हा म्हणाला नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

पान. 'तुमची चौकट'ची सहा कार्डं लिहायची होती. 'फसलेलं' या ओळीपाशी प्रत्येक वेळी पेन थांबलं. लिहिलीच. लोक टपालाची वाट पाहतात. हिंगणेकरांची बोटं आता पाच आहेत. जमलेलं, म्हणून तेच लिहिलं.

पाव पानाचा प्रश्न: मैनी कुठे गेली, हे वाचकांना काय सांगायचं. काहीच छापलं नाही. तेवढ्या जागेत कोडं टाकलं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

वां.ने दोन चौकटींवर करून पाहिलं, बाईंनी मोकळीक दिली होती त्या.

दुसरी: ओलसर कापसाने. पांढरा रंग सुटायला लागला आणि त्याच्याबरोबर खालची शाईही. निळसर डाग उरला. गेली.

सातवी: कोरड्या ब्लेडच्या टोकाने. पांढऱ्याचे पापुद्रे निघाले. केसांची रेषा आली, एक डोळा पूर्ण आला, ओठाचं एक टोक आलं. नाकाशी कागदच सुटला. वां.ने ब्लेड खाली ठेवलं.

तो एक डोळा आम्ही दोघं बघत बसलो. पाचव्या चौकटीतल्या डोळ्यापेक्षा लहान आहे, किंचित खाली झुकलेला. ऑगस्टमध्ये मी त्याला फसलेलं म्हटलं असतं.

७ ऑक्टोबर, शनिवार

वां.ने बाजारातून तसाच निळ्या घरांचा कागद आणि तशीच दौतीतली शाई आणली आहे. स्वतः चेहरे काढतो, पांढऱ्याने बुजवतो, वाळू देतो, खरवडतो. आठातले तीन सुटले, पाच फाटले. घरीही नेले आहेत.

सौ.ने विचारलं, बाईंना काय सांगणार? म्हटलं, असेल ते. ती म्हणाली, नामदेवरावांना? तेव्हापासून मनात एकच: सहावीतलं नाक त्यांच्यासारखं नसलं तर?

९ ऑक्टोबर, सोमवार

गुरुजींचा निरोप: बाई येणार हे नक्की. नामदेवराव मंडळींबरोबर मैदानातच थांबतील, त्यांना ऑफिसच्या कामाचं सांगितलेलं नाही. बाई दुपारी तीनच्या सुमारास एकट्या येतील.

दसऱ्याला सकाळी यंत्रांची पूजा होते, मग ऑफिस रिकामं. किल्ली मी मागून घेतली आहे. वां. अकरालाच येतो म्हणाला, हात स्थिर व्हायला वेळ लागतो. आज त्याचे आठातले पाच सुटले.

भीती दोन आहेत. एक कागदाची. दुसरी मी वां.जवळ बोललो नाही: बारा वर्षं जिला शोधलं ती निघाली, आणि पाच आठवडे भिंतीवरच्या मुलीबरोबर राहिलेल्या या बाईला ती ओळखूच आली नाही, तर.

टेबल खिडकीजवळ सरकवून ठेवलं आहे. बाई वां.च्या शेजारी बसतील, मी मागे उभा राहीन. तो केसांपासून खाली येणार, नाक शेवटी. चेहरा निघाला तर तो बरोबर आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. ते बाईंनी सांगायचं.